मॅडमच्या नावावरचा माझा अनुभव

“मावशी, आधी हात धुऊन या, मग माऊस धरा.”

ग्रंथपाल मॅडम चार शिक्षिकांसमोर हे म्हणाल्या. मी शाळेच्या ग्रंथालयात शिपाई. वय एकोणतीस. मॅडमच्या निवृत्तीला चार वर्षं उरलीत, तरी मावशी मीच. हातात झाडू आला की बाईची मावशी होते. चौघी हसल्या. मी नळावर गेले, हात धुतले. धुतले याची आजही लाज वाटते.

काम काय, तर मॅडमचा अभ्यास मी करायचा. ग्रंथपाल आणि शिक्षकांसाठी एक फुकट ऑनलाइन कोर्स होता. पुस्तकांची यादी संगणकावर कशी करायची, मोफत गोष्टी मुलांना कशा उघडून द्यायच्या, असे दहा धडे. व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हता. मग बसणार कोण? मॅडमनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि स्टाफरूममध्ये साड्यांचे फोटो बघत बसल्या. त्यांचं बघून चौघींनीही चिठ्ठ्या आणून दिल्या. एकच धडा मी पाच वेळा बघितला. फुकटची विद्या, तीही यांना स्वतः घेववेना.

मी मात्र शिकले. राहनाळहून रोज भिवंडीला येऊन मी बी.ए. केलंय. शाळेत हे कुणी विचारलं नव्हतं.

सहावीत नसरीन होती. तिच्या घराखालीच कापडाचे लूम दिवसरात्र खडखडतात, त्यामुळे हळू बोलणं तिला माहीतच नाही. आमची शाळा मराठी, तिच्या घरी हिंदी. मोठ्याने वाचते म्हणून मॅडमनी तिला दोनदा ग्रंथालयाबाहेर काढलं. मॅडम जेवायला गेल्या की मी तिला संगणकासमोर बसवायचे, कोर्समध्ये शिकलेल्या मोफत गोष्टी उघडून द्यायचे. वाच म्हणायचे, पाहिजे तेवढं ओरडून वाच. दोन महिन्यांत पोरीने अख्खी मराठी गोष्ट न अडखळता वाचली. मला इतका आनंद झाला की शेवटच्या धड्यात ‘तुमचा अनुभव लिहा’ असं आलं तेव्हा मॅडमच्या खात्यावर मी हेच लिहिलं. मॅडमनी स्वतः काही केलं असतं तर ते लिहिलं असतं.

प्रमाणपत्रं आली. शाळेने सत्कार ठेवला. मी चहाचा ट्रे घेऊन भिंतीला उभी. मॅडम माइकवर आल्या आणि माझंच लिखाण वाचू लागल्या. “माझ्या ग्रंथालयात एक मुलगी मोठमोठ्याने वाचायची. मी तिला गप्प केलं नाही.” बाईने गळासुद्धा दाटून आणला. टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ट्रे खाली ठेवला.

“मॅडम, त्या मुलीचं नाव सांगा.”

त्यांनी कागद उलटून बघितला. नाव मी लिहिलंच नव्हतं.

“मी सांगते. नसरीन. दोनदा हाकललीत तुम्ही तिला. हे लिहिलंय मी.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडेच माफीनामा मागितला. चोराच्या उलट्या बोंबा. माझं कंत्राट त्यांच्या हातात, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. घरी आई म्हणाली, “दे ना लिहून. हाय ती नोकरी पन न्हाय ऱ्हायाची.” ती घाबरली होती, मीही घाबरले होते.

त्याच आठवड्यात मॅडमनी पुढच्या कोर्सचा पासवर्ड माझ्या टेबलावर आणून ठेवला. जनाची नाही, मनाचीही नाही. सत्कारात झालं ते झालं, पण धडे बघायला मावशी हवीच. ती चिठ्ठी मी चौघींसमोर त्यांच्या हातात परत दिली.

तो कोर्स मी माझ्या मोबाइलवर, माझ्या नावाने सुरू केलाय. कंत्राट मोडायचं तर मोडा. पूर्णा-राहनाळच्या गोदामात खोकी उचलीन. पण माफीनामा देणार नाही, आणि तुमच्या नावाने यापुढे एक ओळही लिहिणार नाही.