रवा, बेसन, मैदा, पिठीसाखर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होतो. "भावजी, हे गेले हो..." एवढं म्हणून त्या थांबल्या, आणि मला काही सुचायच्या आत त्यांनीच विचारलं, "ते मशीन चालूच आहे. बंद करू का?" सकाळी चहा पिताना शशीच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त म्हणालो, "नको, चालू दे." का म्हणालो, देव जाणे. तीस वर्षांचा मित्र गेल्याचं कानावर पडतंय आणि मी मशीनबद्दल बोलतोय, याची मला अजून लाज वाटते.

शशी आणि मी अंधेरीच्या एकाच कारखान्यात होतो. तो फिटर, मी स्टोअर्समध्ये. त्याला दगडांचा नाद. विहिरीचं खोदकाम, खाणीतली खडी, इमारतीचा पाया, कुठेही उकरलेलं दिसलं की हा रिक्षा थांबवून उतरणार आणि गारगोट्या, अकीक पिशवीत भरून आणणार. रिटायर झाल्यावर त्याने मुलुंडच्या घरी बाल्कनीत जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर एक ड्रम बसवला. आत दगड, पाणी आणि घासायची पूड. तो ड्रम दिवसरात्र घरघरत फिरायचा. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पांढरी पॉलिशची, प्रत्येकीला निदान आठवडा. या पुडी ठेवायला त्याने वहिनींचे जुने डबे ढापले होते आणि त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या होत्या : रवा, बेसन, मैदा, पिठीसाखर. जाड ते बारीक, अगदी बरोबर क्रम. वापरून झालेला डबा तो फळीवर उलटा ठेवायचा, म्हणजे गोंधळ नको. फोन करून विचारलं, "काय चाललंय रे?" तर म्हणायचा, "बेसन चाललंय."

मला हे सहन व्हायचं नाही. माझा स्वभाव उतावळ्या नवऱ्याचा, गुडघ्याला बाशिंग. लिफ्टचं बटण चार वेळा दाबणारा माणूस मी. "उघडून बघ ना यार, कुठवर आलंय ते," असं मी दर भेटीत म्हणायचो आणि तो त्याच्या कणकवलीच्या सुरात म्हणायचा, "घाई कित्याक रे? दगडाक खंय जावचा हा?" दगडाला कुठे जायचंय म्हणे! एका वर्षी तो गणपतीला गावी गेला तेव्हा मला घराची चावी देऊन गेला. पट्टा सुटला नाही ना, एवढंच रोज बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी मी ड्रम उघडला. हात घालून दगड चाचपले, परत बंद केला. मैदा चालू होता, आणि माझ्या हाताला फळीवर सांडलेला रवा लागलेला होता. जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत गेला तरी सगळ्या दगडांवर ओरखडे उठतात, ते मला माहीत नव्हतं. आल्यावर शशीने एकेक दगड उजेडात धरून पाहिला. "रव्याचा कण गेला असेल कुठूनतरी," एवढंच म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. नंतरही कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आमची घाटकोपरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला पाडली. मी तिथेच लहानाचा मोठा झालो. पायाचा खड्डा बघायला गेलो तर शशी सोबत आला आणि सुपरवायझरला पटवून थेट खाली उतरला. मी चिडलो. "अरे, माझं घर गेलं आणि तू दगड काय वेचतोस?" त्याने काळ्या दगडात रुतलेली एक गारगोटी हातोडीने सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. "घराखाली हीच होती ना?" मग परत मागून घेतली. आमची शेवटची भेट झाली त्या दिवशी त्याने ती ड्रममध्ये टाकली होती. "महिन्याने ये," म्हणाला. "त्याच्या आधी आलास तर चहापण नाही." बरोबर तीन आठवड्यांनी तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी बाल्कनीत गेलो. फळीवर तीन डबे उलटे होते, फक्त पिठीसाखर सुलटी. म्हणजे मैदा चालू होता, पॉलिश तेवढं राहिलं होतं. हा शेवटचा घाणा मी त्याच्या हातचा वाटेल असाच पुरा करणार, बिघडू देणार नाही, असं मी वहिनींना सांगितलं. दगड तीन पाण्यांनी धुतले, ड्रम धुतला, नखं कापून आलो होतो. मग पिठीसाखरेच्या डब्यातली पांढरी पूड घातली, डबा उलटा ठेवला आणि मशीन सुरू केलं. आठव्या दिवशी वहिनींचा फोन. "भावजी, बाल्कनीत मुंग्या लागल्यात."

ती पिठीसाखरच होती. आवराआवर करायला आलेल्या वहिनींच्या बहिणीने डब्यात खडे झालेली पांढरी पूड पाहिली, साखर खराब झाली म्हणून फेकली, डबा घासून ताजी पिठीसाखर भरली आणि स्वयंपाकघरात ठेवला. वहिनींना वाटलं, यांचा डबा चुकून आत आला, म्हणून त्यांनी तो परत फळीवर नेऊन ठेवला. ड्रम उघडला तर आंबलेला फेस आणि आत तसेच निस्तेज दगड. म्हटलं, वहिनी, माझ्या हाताला यशच नाही, आणि त्या गणपतीतली गोष्ट मी तिथेच सांगून टाकली. त्या मुंग्या झाडत होत्या. झाडता झाडता म्हणाल्या, "माहीत होतं त्यांना. तुम्ही झाकण उलटं बसवलं होतं. सगळे दगड परत रव्यापासून फिरवले त्यांनी. मला म्हणाले, मन्याला बोलू नकोस हां, नाहीतर यायचा बंद होईल." मग त्यांना त्या साखरेचं हसू आलं. शशी गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि मला मात्र रडू आवरेना.

सांताक्रूझच्या ज्या दुकानातून तो पूड आणायचा ते दोन दिवस पायपीट करून शोधलं. नवी पूड घातली. वहिनींनी चिठ्ठीवर पेनाने लिहिलं, "खायची नाही." मी रोज मुलुंडला जाऊन बाल्कनीत बसू लागलो. पायाला चैन नाही, सारखा उठतो, पट्ट्याला हात लावून बघतो, परत बसतो... आत कुठेतरी माझ्या घराखालची गारगोटी बाकीच्यांवर घासत असते आणि शशीने सुरू केलेलं एवढं एकच काम या जगात अजून चालू असतं.

काल दहा दिवस पुरे झाले. चारही डबे उलटे. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, सोबत दगड धुवायला परातही आणली होती. "उघडायचा ना आज?" त्यांनी विचारलं. मी ड्रमकडे पाहिलं. बटण माझ्या हाताशीच होतं.

"राहू दे वहिनी अजून थोडे दिवस," मी म्हणालो. "दगडाक खंय जावचा हा?"