शेखभाऊंच्या नावावर राहिलेली चूक

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मागच्या रविवारी शेखभाऊंना सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतेय.

आधी अभिमानाचं बोलू? कारण तो आहे, आणि मी तो लपवणार नाही. कोविडच्या लसीकरणाचे आकडे तेव्हा रोज जाहीर व्हायचे — पण दिल्लीचे एकीकडे, नोएडाचे दुसरीकडे, गुडगाव-फरीदाबादचे आणखी कुठे. कुणी तक्ता द्यायचं, कुणी नुसता मोबाईलवरचा फोटो. मी सरकारी नोकरीत आयुष्यभर आकडेवारी पाहिलेली, नुकतीच रिटायर झालेली, दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये अडकलेली. शेखभाऊ माझे ऑफिसातले जुने सहकारी, मूळ सोलापूरचे, आता पहाडगंजला राहणारे. आम्ही दोघांनी आणि फोनवरून जमलेल्या काही मंडळींनी हे सगळं एकत्र करून इंटरनेटवर एक पान सुरू केलं. सर्वांसाठी खुलं. कुठे किती माणसांना लस मिळाली, कुठे अजून कुणी पोचलंच नाही — बघताक्षणी कळायचं. वर्तमानपत्रांनी आमचे आलेख छापले. इतकं चोख काम मी पगार घेऊनही कधी केलं नव्हतं.

चोख — हाच शब्द तेव्हा लोक वापरायचे. मला तो फार आवडायचा.

एक डॉक्टरबाई लसीची गाडी घेऊन वस्त्यांमधून फिरायच्या. गाडी कुठे न्यायची हे त्या आमचं पान बघून ठरवायच्या. एकदा त्यांचा फोन आला. एका भागात लसीकरण जवळजवळ पूर्ण झालंय असं तुमचं पान म्हणतं, म्हणून आम्ही तिथली फेरी बंद केली. पण तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे कुणी आलंच नाही. हे कसं?

मी फोन कानाला लावूनच तक्ता उघडला. आणि दिसलं. त्या भागातून येणारं पत्रक बदललं होतं. माणसांऐवजी एकूण डोसचा आकडा येत होता. मी तो तसाच माणसांच्या रकान्यात भरत होते. दोन डोस घेतलेला एक माणूस दोनदा मोजला जात होता. मीच भरला होता — मला पक्कं आठवत होतं.

आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "वो इलाका शेखजी देखते हैं. पूछकर बताती हूँ."

तो भाग आम्ही दोघं आळीपाळीनं भरायचो. त्या दिवसांत शेखभाऊंच्या पत्नी, भाभी, दवाखान्यात होत्या, ते तिथल्या बाकावर बसून आकडे भरायचे. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्याच हातून झालं असणार, ताई. डोकं ठिकाणावर नव्हतं." मी त्यांना तसं समजू दिलं. त्यांनी पानावर स्वतःच्या नावानं माफी मागितली. काही दिवसांनी, 'माझ्यामुळे पानाचं नाव खराब नको' म्हणत त्यांनी काम सोडलं. मी थांबवलं नाही. हो — थोडं हलकंही वाटलं.

गाडी त्या वस्तीत परत गेली, पण कित्येक आठवडे उशिरा. मधल्या काळात तिथे कुणाला काय झालं? त्याची आकडेवारी माझ्याकडे नाही.

पान मी चालू ठेवलं. आता लहान मुलांच्या लसीकरणाचे आकडेही त्यावर असतात, विद्यार्थी ते अभ्यासाला वापरतात. मराठी मंडळानं माझा सत्कार केला तेव्हा शेखभाऊ पहिल्या रांगेत होते. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनी वाजवल्या.

रविवारी त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा ठेवला, आणि त्या आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत.

"तेव्हा सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी काम सोडलं नसतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम होतं ते, ताई."

माझ्याही. म्हणूनच ते एकटीचं करून घेतलं. घरी येऊन मी पानावरच्या माफीतलं त्यांचं नाव काढलं आणि तिथे माझं घातलं.