तीन पायांचा ससा

एर्मिलो लाकडी जनावरं कोरायला कोपालच्या झाडाची फांदी घरी आणायचा आणि आठ-आठ दिवस नुसती फिरवून बघत बसायचा. लोक त्याला आळशी म्हणायचे. मीही म्हणायचे, वीस वर्षं त्याची जनावरं मी रंगवली, तेवढा हक्क मला आहे. "फांदीत असेल तेच निघणार," हा त्याचा हेका. गावातले बाकीचे पाय, शेपट्या वेगळ्या कोरून चिकटवतात. हा त्यांना नावं ठेवायचा. "जोडलेलं जनावर चालत नाही," म्हणायचा.

त्याची लेक चोले पोटुशी असताना त्याने एका फांदीतून ससा काढला. पाठीला पंख, डोक्यावर कोंबड्याचा तुरा. रंगवताना मी हसून बेजार. पण पाय तीनच, मागचा डावा नाही.

"चौथा कुठे गेला, एर्मिलोभाऊ? खाल्लात की काय?"

"फांदीत नव्हता गं, रुफिना."

चोलेला कळा सुरू झाल्या तेव्हा रीतीप्रमाणे मीच दाराशी चुलीची राख पसरली. मूल जन्मतं त्या रात्री त्याच्या सोबतीचं जनावर राखेतून चालत जातं, आणि पुढे जन्मभर एकाचं दुखणं दुसऱ्याला होतं. सकाळी पाहिलं तर सशाची पावलं. दर उडीला तीन. मी पुन्हा मोजली, तरी तीनच.

नात झाली, गुटगुटीत. पण डावा पाय हलवेना. वाहाका शहरातले डॉक्टर म्हणाले, या पायात जोर येणं कठीण आहे. चोले रडली नाही, त्याचंच मला जास्त भय वाटलं. बापाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "बाबा, तो ससा तुम्हीच काढलात ना?"

तीन दिवस एर्मिलोने टॉर्टियाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडे चिकटवायला सरस मागितला. मी चाटच पडले. लगबगीने लाकडाचा तुकडाही नेला, तर म्हणाला, "मेलेलं लाकूड काय कामाचं?"

त्याच्या जन्माच्या वेळी बापाने त्याच्यासाठी कोरलेला कोल्हा घरातल्या मेलेल्या माणसांच्या फोटोंपाशी असतो. तो त्याने खाली घेतला आणि मागच्या डाव्या पायाला करवत लावली.

"अहो, तो तुमच्या सोबतीचा आहे!"

"मग काय दुसऱ्याचा कापू?"

पाय सशाला बसला. सांधा दिसू नये म्हणून वरून रंग मी दिला. रेघ वाकडी आली. संध्याकाळी राख त्याने स्वतः पसरली.

सकाळी मी धावतच गेले. राखेत दर उडीला सशाची तीन पावलं होती आणि चौथं कोल्ह्याचं.

आत पोरगी दोन्ही पाय झाडत होती, दुपटं पार खाली पडलेलं. चोले आता मात्र रडत होती, हसतही होती. "बाबा, या ना, बघा तरी!"

पलीकडच्या खोलीतून एर्मिलोचा आवाज आला, अगदी रोजचा.

"तिलाच इकडे आण बाळा. मला उठता येत नाहीये."