हिरवी कालवं

आंग बोंगचीचं नाव तिच्या आजीने ठेवलं. तीन मुलींच्या पाठीवर ही चौथी झाली तेव्हा म्हातारी म्हणाली, आलीच आहे तर पोसू. बोंगची या नावाचा अर्थ नेमका तेवढाच. "बारशालाच मला सांगून ठेवलंय, फार आशा धरायची नाही," असं ती स्वतःच हसत सांगायची. पण आशा धरण्याची खोड काही तिची गेली नाही.

तिची कालवांची शेती होती. खाडीच्या तोंडाशी चिखलात बांबूचे मांडव, मांडवांना टांगलेल्या जुन्या शिंपल्यांच्या माळा आणि त्या माळांवर वाढणारी कालवं. ओहोटी लागली की तीनचाकी गाडी घेऊन चिखलात उतरायचं, माळा काढायच्या, घरी येऊन ओसरीवर बसायचं आणि आखूड सुरीने एकेक कालव फोडायचं. नवरा वादळात गेला तेव्हा मुलगा बुनलिओंग अजून शाळेत होता. त्या सुरीवरच तिने त्याला वाढवलं, तंत्रशाळेत घातलं आणि त्याचं लग्न लावून दिलं. तिची बोटं पाहिली तर कुणालाही वाटावं, ही बाई रोज काटेरी कुंपणातून हात घालून काहीतरी चोरत असणार.

मग नदीच्या वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवण्याचा कारखाना आला. पहिली काही वर्षं काहीच झालं नाही, आणि गावाला वाटलं, बरं झालं, पोरांना नोकऱ्या लागल्या. नंतर कालवं बदलू लागली. आधी कडेला जराशी झाक, आणि पुढे सगळं अंगच कळकलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं हिरवं. बाजारातला दलाल टोपलीत डोकावला आणि म्हणाला, "काकी, हे मी विकलं तर लोक मला विकून खातील." त्या दिवसापासून त्यांच्या गावचा माल कुणी उचलला नाही. बोंगची दक्षिणेकडून ट्रकने येणारी परकी कालवं मजुरीने फोडू लागली. घरात तिने कालव शिजवणं बंद केलं. मांडव मात्र तिच्याने मोडवेनात. ती अजूनही चिखलात उतरायची, माळा वर काढून बघायची आणि परत सोडायची.

पाणी तपासायला माणसं यायची ती भरतीला. भरतीचा समुद्र काय, सगळंच पोटात घालतो. ओहोटीला नदीच्या तोंडाशी फेस यायचा तेव्हा कुणी फिरकायचं नाही. पाणी उत्तम आहे असं देवळाबाहेरच्या फळ्यावर लागायचं आणि गाव ते वाचून थुंकायचं. कारखान्याचा मॅनेजर शी मोठा गोड माणूस होता. शरदाच्या पौर्णिमेला घरोघरी खोकंभर मिठाई पाठवायचा. बायका ती आधी बदकांना घालून बघायच्या. बदकांना काही व्हायचं नाही, तरी ती मिठाई घरात कुणी खायचं नाही.

बोंगचीला मिठाई बदकांना घालून सुटता येईना, कारण बुनलिओंग त्याच कारखान्यात होता आणि अलीकडे त्याला पाळीचा मुकादम केला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"आई, तू कारखान्याविरुद्धच्या तक्रारीवर अंगठा उठवलास?" एकदा जेवताना त्याने विचारलं.

"उठवला."

"मला साहेब विचारतात, तुझी आई अशी का वागते."

"सांग त्यांना, नावातच खोट आहे. उगाच पोसली." ती जरा थांबून म्हणाली, "बुनलिओंग, मला त्यांचे भरपाईचे पैसे नकोत असं नाही. मी काही संत नाही. पण पैशाआधी त्यांनी गावासमोर एकदा म्हणावं, पाणी आम्ही नासवलं. तेवढं एक वाक्य."

"असं वाक्य कुणी म्हणतं का, आई?" तो म्हणाला आणि भाताकडे बघत जेवत राहिला.

त्या वाक्यासाठी ती तीन वर्षं हिंडली. कचेऱ्या झाल्या, सभा झाल्या. सभेत शी मॅनेजर वाकून वाकून नमस्कार करायचा, "आम्हालाही तितकंच दुःख आहे" म्हणायचा, आणि दुःख कशाचं ते कधी सांगायचा नाही.

त्या वर्षी गावच्या देवळातल्या समुद्रदेवी मात्सू आईच्या धूपपात्राचा मान बोंगचीच्या घराला आला. ज्याला मान, त्यानेच गावाच्या वतीने आईला कौल लावायचा. आणि नेमकं त्याच वर्षी कारखान्याने देवळाला नवं छप्पर देऊ केलं. अट तोंडी होती, पण सगळ्यांना कळली होती: छप्पर घ्या आणि तक्रार मागे घ्या.

गाव देवळात जमलं. बोंगचीने लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार, आणि असे तीन होकार लागोपाठ हवेत.

"आई, या माणसांचा पैसा तुला चालेल का," ती विचारायला लागली.

देवळाचा अध्यक्ष को बिंगत्सुई मध्येच म्हणाला, "काकी, देवीला असं आडवंतिडवं विचारतात होय? आईला छप्पर हवं का, एवढंच विचारा. छप्पर गळतंय हे तिलाही दिसतंय."

कौल तीनदा होकाराचा पडला. गळक्या छपराखाली बसलेली कुठली देवी नको म्हणेल? बोंगचीने तशाच गुडघ्यांवर बसून मनातला प्रश्न विचारला आणि पुन्हा चंद्रकोरी टाकल्या. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसली. हसू म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही.

"आई खूश आहे," को बिंगत्सुई म्हणाला आणि लोक उठले. बोंगची मात्र तिथेच बसून राहिली. आपल्याच हातांनी आपण गावाची तक्रार बुडवली, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं आणि तिला रडू आलं.

छप्पर झालं. वास्तूच्या दिवशी दुपारी देवळाच्या पटांगणात मांडव घालून जेवणावळ झाली. लाल कापडांची गोल टेबलं, भाड्याचा आचारी, खर्च कारखान्याचा. धूपपात्राच्या मानकरणीला शी मॅनेजरच्या टेबलावर जागा होती. कारखान्यात लागलेली गावची पोरं शेजारच्या टेबलावर होती आणि त्यांच्यात बुनलिओंग होता.

चौथा की पाचवा पदार्थ आला तो कालवांचा रस्सा. बोंगचीने एक चमचा घेतला आणि खाली ठेवला. कालवं पांढरीशुभ्र आणि गुबगुबीत होती. ती उठून आचाऱ्याकडे गेली. "ही कुठली?"

"दक्षिणेची," आचारी म्हणाला. "कंपनीने बजावून सांगितलं होतं, इथला माल घालू नका."

ती तडक घरी गेली. घर देवळाच्या मागेच होतं. सकाळी वर काढलेली एक माळ मोरीत पडली होती. तिने कालवं फोडली, आलं घालून उकळली, चांगल्यातल्या वाटीत ओतली आणि दोन्ही हातांनी धरून मांडवात आणली. ती हिरवी वाटी तिने शी मॅनेजरपुढे ठेवली.

"साहेब, आमच्या घरचं. पाणी उत्तम आहे ना? मग घ्या."

आसपासच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मॅनेजर हसला. "काकू, मला कालवांचा त्रास होतो."

"आत्ता तर तुम्ही रस्सा प्यायलात."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं. बोंगचीने खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली. "नका खाऊ. पण का खात नाही, ते सांगा. सगळे ऐकतायत."

मॅनेजरच्या कपाळावर घाम आला. त्याने वाटीकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ती पुढे झुकली. तीन वर्षांत ते वाक्य तिच्या इतकं जवळ कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात बुनलिओंग उठून आला. जेवणावळीत साहेबाला दारू झेपेनाशी झाली की हाताखालच्याने त्याचा पेला उचलून रिकामा करायचा, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. "साहेबांच्या वतीने मी घेतो," तो म्हणाला आणि त्याने वाटी उचलली.

बोंगचीने वाटीची दुसरी कड पकडली. गरम पाणी त्याच्या मनगटावर सांडलं, पण त्याने हात सोडला नाही.

"ठेव ते," ती हळू म्हणाली.

"आई, बस खाली."

त्याने पहिलं कालव तोंडात टाकलं. मग दुसरं.

"बुनलिओंग, थुंक. विष आहे त्यात."

हे ती मोठ्याने म्हणाली. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. मॅनेजरने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि अगदी दुखावल्या आवाजात विचारलं, "काकू, विष आहे हे माहीत होतं, तर देवीच्या जेवणात पाहुण्यापुढे कसं ठेवलंत?"

को बिंगत्सुई ताटात बघत होता. गावासमोर म्हणायचं ते वाक्य शेवटी म्हटलं गेलं होतं, आणि ते तिच्याच तोंडून, तिच्याच कालवांबद्दल. बुनलिओंगने वाटी संपवली आणि रिकामा पेला दाखवतात तशी ती पालथी धरली. टाळी पहिली मॅनेजरने वाजवली. मग कारखान्याच्या टेबलावरच्या पोरांनी वाजवली.

बोंगचीने मुलाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत देवळाच्या बाजूच्या गटारापाशी नेलं. लहानपणी त्याने खिळा गिळला होता तेव्हा धरलं होतं तसं त्याचं डोकं काखेत धरून तिने त्याच्या तोंडात बोटं घालायला सुरुवात केली.

"ओक," ती म्हणाली. "ओक रे बाळा. सगळं ओकून टाक."

"आई, साहेब बघतायत," तो म्हणाला आणि त्याने दात घट्ट मिटून घेतले.