थांबलेल्या लूमवर वाढणारे आकडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांनाही नाही — ज्यांच्या कामगार संघटनेची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले, त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते.

भिवंडीतल्या आमच्या गल्लीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, विणलेलं कापड मेहता, म्हणजे शेडचा हिशेबनीस, मोजायचा. तो म्हणेल तितके मीटर कारागिराच्या नावावर, आणि तितकीच मजुरी. मालकाचा माणूस — कमीच मोजणार, नाही का? मला ते लहानपणापासून पाठच होतं. म्हणून मी यंत्र बनवलं. कापडावर फिरणारं रबरी चाक, त्याला चाकाचे फेरे मोजणारा रोटरी एन्कोडर, पुढे लाल आकडे. कारागीर सलीमभाईंच्या लूमवर बसवलं, आणि पहिल्याच ताक्याला यंत्रानं मेहत्यापेक्षा जास्त कापड दाखवलं. सापडला! मी लगेच पत्रक लिहिलं — ‘कापडचोर मेहता, चले जाव!’

मग — इथं थांबावंसं वाटतंय, पण नाही थांबत — पत्रकं वाटायच्या दिवशी धागा तुटून सलीमभाईंची लूम बंद पडली. कापड जागेवर. आणि आकडे वाढत होते! शेजारच्या लूमच्या हादऱ्यानं एन्कोडरच्या आतले विजेचे संपर्क थरथरत होते, आणि माझं यंत्र प्रत्येक थरथर कापड म्हणून मोजत होतं. मी पाहिलं. मला कळलं. आणि मी काय केलं? आकड्यांवर ओढणी टाकली, पत्रकं वाटली.

मेहता म्हणजे खारबावचे पांडुरंगकाका. एवढंच म्हणाले, “पोरी, कापड हातानं मोजून बघ ना. कमी हाय का न्हाय ते कळंल.”

“अब मशीन बोलेगी, मेहताजी! आप आराम करो!” सलीमभाई ओरडले. सगळी शेड हसली. मीही हसले. काकांनी काम सोडलं, चोर हे नाव घेऊन घरी गेले.

त्यानंतर मी झपाटून यंत्राच्या मागे लागले. एन्कोडरच्या दोन्ही तारांवर रेझिस्टर-कपॅसिटर लावले. बारीक थरथर तिथंच विरली. उरलेलीसाठी प्रोग्राम नव्यानं लिहिला — दोन तारांचे संकेत ठरल्या क्रमानं आले तरच मोजायचं, एक पाऊल पुढं जाऊन मागं आलं तर बेरीज शून्य. लूम बंद केली. चहूबाजूंनी खडखडाट, फरशी हादरतेय, आणि आकडा? ढिम्म! मी नाचले हो! ताका उलगडून हातानं मोजला — यंत्राशी तंतोतंत. आज आसपासच्या शेडमध्ये हेच यंत्र चालतं. मालक आणि कारागीर एकाच आकड्यावर बोलतात, मोजमापासाठी कुणाला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. जिंकलो आपण! हा विजय खरा आहे, तो मी कमी करून सांगणार नाही.

पण यंत्र का बदललं असं लोकांनी विचारलं, तेव्हा मी ‘नवं मॉडेल’ म्हणाले. काकांनी मोजलेला एक जुना ताका एकटीनं पुन्हा मोजला — बरोबर निघाला — आणि घडी घालून ठेवून दिला. तेव्हाही गप्प.

आज नाही. आज ताठ उभी राहून सांगते. पांडुरंगकाकांनी वीतभरही कापड चोरलं नव्हतं. खोटं माझं यंत्र बोलत होतं, आणि पत्रक वाटताना मला ते माहीत होतं.