बदली माणूस आलाच नाही

विलास खानविलकर आमच्या खालच्या मजल्यावरचा. सिंगापुरात हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, त्यामुळे सकाळी भांडण झालं तरी संध्याकाळी चहाला एकत्र बसावंच लागतं. माणूस मूळचा जहाजावरचा मरीन इंजिनियर. मुलगी किमया झाल्यावर जयवंतीवहिनींनी निक्षून सांगितलं, आता समुद्र पुरे. मग त्याने इथल्या एका स्नो-हॉलमध्ये नोकरी धरली. गोदामाएवढी बंद जागा, आत खराखुरा बर्फ आणि स्कीइंगसाठी एक छोटा उतार. जपानला जाणारी हौशी मंडळी आधी इथे येऊन आपटून घ्यायची. तो बर्फ टिकवणारी यंत्रं विलासच्या ताब्यात. किमया तिथेच स्कीइंग शिकली. हिवाळा बाबांच्या ऑफिसात असतो, अशी तिची लहानपणी समजूत होती.

जहाजावर एक शिरस्ता असतो. पाळी संपली तरी बदली माणूस खाली येऊन, यंत्रांवरून नजर फिरवून "घेतली" म्हणेपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. विलासने समुद्र सोडला, शिरस्ता नाही. तिकडे बदली माणसाला उशीर झाला की इकडे वहिनी ताट झाकून ठेवायच्या आणि आमच्याकडे येऊन नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायच्या.

गेल्या वर्षी हॉलची रया गेली. गर्दी आटली, विलासचा जोडीदार सोडून गेला, त्याच्या जागी कुणाला घेतलंच नाही. तेवढ्यात बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोरेजने विलासला बोलावलं. पगार, इथे राहून काम करायचा पास, सगळं ठरलं. अट एकच, लगेच रुजू व्हायचं. आणि ह्या गृहस्थाने कळवलं काय, तर माझ्या जागी माणूस आल्याशिवाय मला निघता येणार नाही!

"अरे, नोटीस दे आणि सूट तिथून," मी ओरडलो. "ते लोक थांबतील का तुझ्यासाठी?"

"नाही थांबणार. पण यंत्रं चालू आहेत ना? टाकून कसा येऊ?"

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं, की धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्या लोकांनी दुसरा माणूस घेतला. किमयाच्या कानावर यातलं काही घालायचं नाही, असं वहिनींनी आम्हाला बजावलं.

मार्चची शाळांची सुट्टी संपली आणि हॉल बंद झाला. विलासचा पास नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बायकोमुलीसकट देश सोडायचा. किमयाचं हे ओ लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष. तिला परत डोंबिवलीला गेल्यावर कुठल्या वर्गात घेतील, हे कुणालाच धड सांगता येईना. विलासने दिसेल तिथे अर्ज टाकले. पन्नाशीच्या माणसाला नकारसुद्धा कळवत नाहीत.

सिंगापूरला वसंत येत नाही. तोही विलासनेच आणायचा, असं हॉलच्या मालकांनी ठरवलं. यंत्रं बंद करा, बर्फ वितळू द्या, पाणी काढा, मग तुम्ही मोकळे. शेवटच्या दिवशी त्याचं सामान आणायला मी आणि किमया त्याच्याबरोबर टॅक्सीने गेलो. उतारावर आता काळं रबर उघडं पडलं होतं आणि कोपऱ्यात राखाडी चिखल. दारं सताड उघडी, आतही बाहेरच्याइतकंच उकडत होतं. किमयाने चपलेच्या टोकाने तो चिखल ढकलून पाहिला आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

सामान टॅक्सीत गेलं, तरी विलास यंत्रांच्या खोलीच्या दारातून हलेना. हातात किल्ल्या तशाच.

"बाबा, कम लाह. नोबडी कमिंग."

"हो," तो म्हणाला आणि उभाच राहिला.

मला राहवेना. एक शब्द तर म्हणायचा होता. "घेतली रे मी. चल आता."

तो चिडेल असं वाटलं होतं. पण तो साधेपणाने म्हणाला, "काय घेतलीस? बंद यंत्रांची पाळी नसते." मग हळूच म्हणाला, "त्यांनी बोलावलं तेव्हाच जायला हवं होतं मी."

"कोणी बोलावलं? व्हेन, बाबा?" किमयाने विचारलं.

मी विषय बदलायला तोंड उघडलं, पण विलासने हाताने मला थांबवलं. किल्ल्या दाराला अडकवल्या आणि तिथेच उभं राहून तिला सगळं सांगितलं.

हॉलवर येताना ती बाबांशेजारी मागे बसली होती. घरी परतताना पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.