लग्नापुरता भाऊ

ऑफिसात कुणी ट्रेकचे किस्से सांगतं, कुणी अमेरिकेचे. माझे घरबसल्या साचले. लोकांच्या लेखी मी आधी मुलगा होते, मग मुलगी झाले, मग पुन्हा मुलगा आणि आता पुन्हा मुलगी. एवढ्या फेऱ्यांत किस्से साचणारच!

*

येरवड्याच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी पहिल्यांदा सलवार-कमीज घालून गेले, तेव्हा वॉचमन शिंदेकाकांनी गेटवर अडवलं.

"काका, मी किरण. टेस्टिंगमधली."

त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता काय ऐकावं लागतंय, या विचाराने मी ओढणी सावरली.

"ते कळलं हो. आयकार्ड कुठाय?"

*

जेवायच्या सुट्टीत वैशालीने मला बायकांच्या टेबलावर बोलावलं. मी भारावून गेले!

"ये, बस," ती म्हणाली. "आता मीटिंगमध्ये तुझंही कुणी ऐकणार नाही."

*

खडकीला घरी मात्र अबोला. त्यात धाकट्या बहिणीचं, सुजाताचं, लग्न ठरलं. आई म्हणाली, "लग्न होईपर्यंत तरी शर्ट-पँट घाल. पोरीचं मोडायला नको." मी हार्मोनच्या गोळ्या थांबवल्या, केस कापले.

विहारात लग्न थाटात झालं. आत्याने माझी पाठ थोपटली. "सुधारलास बाबा!" आणि त्याच दमात, "माझ्या नणंदेची मुलगी आहे, बीकॉम झालीये..."

*

लग्न झालं, तरी मी शर्ट-पँटमध्येच राहिले. सगळे इतके खूश होते! माझ्याशिवाय कुणाचीच तक्रार नव्हती. ऑफिसात गुपचूप पुरुषांच्या टेबलावर जाऊन बसले, तर वैशाली डबा घेऊन तिथेच आली.

"आम्हाला कंटाळलीस का गं?"

मी डब्याचं झाकण काढलं. "घरच्यांसाठी..." एवढंच म्हणाले.

"बरं. भाजी तरी तुझ्या मनाची आणलीस ना?"

*

मग एका रविवारी सुजाताच्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. आई बाहेरच्या खोलीत त्यांच्याशी बोलत बसली होती. मी आत चहा टाकला होता, अंगात अर्थातच शर्ट-पँट.

"विहीणबाई, एक विचारू?" त्यांचा आवाज आला. "बोलणी चालू होती तेव्हाच सुजाताने सांगितलं होतं, मला भाऊ नाही, मोठी बहीण आहे म्हणून. लग्नात कुठे दिसली नाही ती! बाहेरगावी होती का?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला.

मग आईने घसा खाकरला.

"अगं किरण," तिने हाक मारली, "बाहेर ये. सुजाताच्या सासूबाई तुला विचारतायत."